बाईकवरचं सामान कलंडतंय, गाडी मागून डुलतेय, बॅग जळतेय नाहीतर भिजतेय? नवीन बॅग घ्यायच्या आधी हे तपासा

मंडळी, हातखंबा तिठ्याजवळ हायवेला लागून माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड ही रोजची कामं. पण गणपती झाले की पार मे अखेरपर्यंत शनिवार-रविवारी एखादा तरी बाईकवाला दारात येऊन उभा राहतो, मुंबईचा, पुण्याचा, कोल्हापूरचा, आणि वाक्य ठरलेलं, "दादा, कॅरियर जरा टाईट करून द्या ना, सामान राहतच नाही." मी स्वतः पण बरीच वर्षं गाडी चालवतोय, रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी रस्ता तुकड्या तुकड्यांत कितीतरी वेळा केलाय, त्यामुळे हे दुखणं सीटवर बसून पण बघितलंय आणि वेल्डिंगची काच डोळ्यासमोर धरून पण बघितलंय. बहुतेक वेळा कॅरियर बरा असतो, बॅग पण बरी असते, फक्त वजन भलत्या जागी ठेवलेलं असतं आणि ते गाडीला नीट धरलेलं नसतं. लोक मात्र आधी पाच-दहा हजाराची नवीन बॅग घेऊन मोकळे होतात आणि पुढच्या ट्रिपला तीच रड. म्हणून मी दुकानात ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने लिहितोय, फुकट आणि सोप्यापासून सुरुवात, खर्चाचं आणि अवघड शेवटी.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी नीट ओळखा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे.

– ७०-८० च्या वर गेलं की मागचा भाग हळूहळू डावी-उजवीकडे झुलतो, कोणीतरी मागून ढकलतंय असं वाटतं.
– हँडल हलकं लागतं, रात्री हेडलाईट रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यावर पडतो.
– घाटात दोन-चार वळणं झाली की सॅडल बॅग (सीटवरून दोन्हीकडे लोंबणारी जोडबॅग) एका बाजूला खाली उतरते, थांबून उचलली की परत तेच.
– प्लास्टिक जळल्याचा वास येतो, किंवा बॅगेच्या आतल्या अंगाला टायरचा काळा पट्टा उठलेला दिसतो.
– साईड स्टँडवर गाडी नेहमीसारखी उभी राहत नाही.
– खड्ड्यात मागून खड्‌ असा लोखंडी आवाज येतो. कॅरियरच्या जोडापासून खाली तांबूस ओघळ आलाय.
– पावसात कव्हर घातलेलं असूनसुद्धा कपडे तळातून ओले.

सामान उतरवा आणि रिकामी गाडी चालवा

हसू नका, हे कोणीच करत नाही. सगळं सामान उतरवून कुठेतरी ठेवा आणि तोच रस्ता, तोच वेग, दोन-तीन किलोमीटर जाऊन या. डुलणं गेलं तर दोष सामानात आहे, पुढे वाचा. रिकाम्या गाडीला पण डुलणं असेल, किंवा वेग ६० वरून ४० वर उतरताना हँडल थरथरत असेल, तर बॅगेचा काही संबंध नाही, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), चाकाचं बेअरिंग, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बुश नाहीतर टायर यातलं काहीतरी गेलंय. तिथे थांबा आणि मेकॅनिककडे जा, माझ्यासारख्या वेल्डिंगवाल्याकडे नको. मी कॅरियर कितीही आवळला तरी ढिला कोनसेट ढिलाच राहणार आणि तुम्ही त्याच गाडीवर परशुराम घाट उतरणार.

आणि रस्त्यात डुलणं सुरू झालंच तर ब्रेक कचकन मारू नका. एक्सलेटर हळूहळू सोडा, हँडल पकडा पण त्याच्याशी कुस्ती खेळू नका, अंग थोडं टाकीकडे पुढे न्या. वेग उतरला की ते आपोआप शांत होतं.

टायरची हवा

सामान लादलं की मागचं टायर बसतं, त्याच्या बाजूच्या भिंती लवतात आणि गाडी जेलीवर उभी असल्यासारखी हलते. कंपनीने दोन आकडे दिलेले असतात, एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी. माझ्या पल्सर १५० ला मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ पीएसआय आहे, पुढे २५. तुमच्या गाडीचे आकडे चेनच्या कव्हरवर, स्विंगआर्मवर किंवा पुस्तकात मिळतील. सामान भरपूर असेल तर डबलसीटवाला आकडा धरा, तुम्ही एकटे असलात तरी. आणि हवा सकाळी टायर थंड असताना बघा, चालून गरम झालेल्या टायरमध्ये आकडा तीन-चारने चढलेला दिसतो आणि मग पंपावरचा पोरगा वरची हवा सोडून देतो, दुसऱ्या दिवशी सकाळी टायर परत कमी. निम्म्या लोकांचं काम इथेच होईल असं मी म्हणत नाही, पण हवा बघितल्याशिवाय पुढचं काही बघण्यात अर्थ नाही, कारण कमी हवेवर चांगलं बांधलेलं सामान पण वाईट वागतं.

वजन किती आणि कुठे

खरी मेख इथे आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता डिजिटल काटा मिळतो, चार-पाचशे रुपयांच्या आत येतो, तो घ्या. नसेल तर वाण्याकडे जा, तो नाही म्हणणार नाही. डावी बॅग, उजवी बॅग, मागची बॅग वेगवेगळी मोजा आणि कागदावर लिहा. डावी-उजवीत किलो-दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. हातात उचलून "सारखीच वाटते" म्हणतात तेव्हा काट्यावर तीन-चार किलोचा फरक निघालेला मी कितीदा बघितलाय, कारण एकीत कपडे आणि दुसरीत टूलकिट, चेन ल्यूब, जास्तीची ट्यूब, कुलूप, असं सगळं लोखंड एकत्र गेलेलं असतं. सॅडल बॅग ही सीटवरून टाकलेली कावडच आहे. एक बाजू जड झाली की ती सरकणारच, तिला कितीही पट्टे मारा.

आता मागचा भाग. टॉप बॉक्स किंवा टेल बॅग मागच्या चाकाच्या आसाच्या पण मागे लटकत असते आणि तिथे ठेवलेलं वजन आहे तेवढं राहत नाही. समजा दोन चाकांच्या आसांमध्ये १३५ सेंटिमीटर अंतर आहे आणि तुम्ही १० किलोचा बोजा मागच्या आसाच्या ४० सेंटिमीटर मागे बांधलात. तर मागच्या चाकावर १० नाही, १३ किलो येतात, कारण पुढचं चाक जवळजवळ ३ किलोने उचललं जातं. बागेतल्या सी-सॉच्या फळीसारखं आहे. तोच १० किलोचा बोजा डबलसीटवाल्याच्या जागेवर, म्हणजे आसाच्या पुढे ठेवला तर दोन्ही चाकांवर वाटला जातो. बोजा आसाच्या मागे गेला म्हणून हँडल हलकं लागतं, म्हणून हेडलाईट वर जातो. आणि उंची पण बघा, बोजा जितका वर तितकी गाडी वळणात आडवी होताना आणि परत उभी राहताना त्रास देते.

तर नियम एवढाच, जड ते खाली आणि पुढे, हलकं ते वर आणि मागे. हत्यारं, ट्यूब, कुलूप सॅडल बॅगेच्या तळाला किंवा टँक बॅगेत. कपडे, रेनकोट, झोपायची पिशवी मागे वर. टॉप बॉक्सच्या आत किंवा पुस्तकात त्याची क्षमता लिहिलेली असते, ३ किलो, ५ किलो, १० किलो, ती वाचा. बॉक्स ४५ लिटरचा आहे म्हणजे ४५ लिटर भरून वजन टाकायचं असा अर्थ नाही, तो जागेचा आकडा आहे, वजनाचा नाही. शिवाय खालच्या कॅरियरची क्षमता वेगळी असते आणि दोघांतली जी कमी ती खरी.

परतीचं सामान

हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण माझ्याकडे येणारे बहुतेक जण घरी परत जाताना येतात, कोकणात उतरताना नाही. येताना सगळं मापात बांधलेलं असतं. मग देवगडात नाहीतर रत्नागिरीत आंबा घेतात, मालवणात सोलं, काजूगर, कोकम आगळाच्या दोन बाटल्या, कोणी सुकं म्हावरं, आणि आत्याने दिलेला फणस वेगळाच. पाच डझनाची हापूसची पेटी घ्या, पाव किलोचा एक आंबा धरला तरी ६० आंब्यांचे १५ किलो होतात, पेटी आणि गवत वेगळं. ती जाते कुठे तर टॉप बॉक्सवर किंवा कॅरियरच्या अगदी टोकाला, वरचा हिशोब लावून बघा काय होतं ते. आणि मग आंबा घाट चढताना साहेब म्हणतात की गाडीचं पुढचं चाक तरंगतंय.

माझं प्रेमाने सांगणं आहे, निघतानाच एक सॅडल बॅग तीन-चतुर्थांश भरा, दुसरी पण तेवढीच, म्हणजे परतताना दोन्हीकडे सारखी जागा शिल्लक राहील. आंबे पेटीतून काढून कपड्यांत गुंडाळून दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे घाला, पण सायलेन्सरच्या बाजूला तळाशी नकोत, उष्णतेने डागाळतात. पूर्ण पेटीच न्यायची असेल तर डबलसीटच्या जागेवर बांधा किंवा सरळ एसटीच्या पार्सलला टाका. आगळाची बाटली उभी, दोन पिशव्यांत, आणि झाकणाला चिकटपट्टी, कारण आगळ सांडलं की डाग जात नाही आणि त्यातल्या मिठाने बकलांची पिन पण गंजते.

पट्टे आणि बंजी

टोकांना आकडे (हुक) असलेली रबरी दोरी, बंजी, ती रेनकोट किंवा हेल्मेट अडकवायला ठीक आहे, पाच-सात किलोचा बोजा धरायला नाही. ती ताणते. प्रत्येक खड्ड्यात बोजा वर उडतो, दोरी लांबते, परत आपटतो, आणि दरवेळी एक बोटभर सरकतो. वर तिचा आकडा सुटला तर तोंडावर किंवा चाकात जातो. बांधताना आकडा सुटून भुवई फुटलेला माणूस मी दुकानातच बघितलाय, थोडक्यात डोळा वाचला.

त्याऐवजी दाताच्या बकलाचे चपटे पट्टे घ्या, दोन तरी, शक्य तर चार. पॉलिस्टरचे घ्या, नायलॉनचे पट्टे भिजले की पाणी पितात आणि लांबतात, पावसात ढिले पडायचं ते एक मोठं कारण. बोजावरून फुली मारून बांधा, समांतर नाही, कारण समांतर पट्टे एकाच दिशेचं सरकणं अडवतात, दुसऱ्या दिशेचं नाही. पट्ट्याचं टोक फ्रेमला, ग्रॅब हँडलच्या लोखंडाला किंवा कॅरियरच्या पाईपला जायला हवं. इंडिकेटरची दांडी, नंबरप्लेट, मडगार्डचं प्लास्टिक, यांना काहीही बांधू नका, ते तुटतं आणि सगळं सामान मोकळं होतं. उरलेली शेपटी गुंडाळून रबर लावा नाहीतर पट्ट्यातच खोचा. लोंबता पट्टा चेनमध्ये गेला तर मागचं चाक जागेवर जाम होऊ शकतं, या पूर्ण लेखातलं हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल.

आणि निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरला थांबून सगळे पट्टे परत ओढा. कपडे दबतात, बॅगेतली हवा जाते, सकाळी घट्ट असलेला पट्टा चहाच्या टपरीपर्यंत ढिला झालेला असतो. जेटीवर पण बघा. वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, कुठल्याही फेरीबोटीवर चढताना रॅम्पला एक दणका बसतोच आणि तिथे ओल्या लोखंडी पत्र्यावर सरकलेलं सामान घेऊन गाडी सावरणं फार कठीण जातं. बोटीत गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि तिच्याजवळच उभे रहा, फोटो नंतर.

सायलेन्सर, चाक आणि साडीगार्ड

आपल्याकडच्या गाड्यांची गंमत अशी की डावीकडे साडीगार्ड असतो आणि उजवीकडे सायलेन्सर. डाव्या बॅगेला आयता आधार मिळतो, उजवी अधांतरी लटकते आणि हळूहळू सायलेन्सरवर टेकते. त्यात पोरं साडीगार्ड दिसायला चांगला नाही म्हणून काढून टाकतात, मग डावी बॅग सरळ चाकात. साडीगार्ड काढला असेल तर टूरच्या आधी परत लावा, हा सगळ्यात स्वस्त सॅडल स्टे, म्हणजे बॅगेला बाजूने आधार देणारी चौकट, आहे.

तपासायची पद्धत अशी. बॅगा पूर्ण भरून लावा, मग दोन माणसं सीटवर बसवा आणि त्यांना जोरात दाबायला सांगा, म्हणजे शॉकअप पूर्ण बसतील. अशा वेळी बॅग आणि सायलेन्सर यांच्यात चार बोटं जागा राहायला हवी, आणि बॅग हाताने आत ढकलली तरी टायरला लागता कामा नये. उभ्या गाडीला जागा दिसते आणि खड्ड्यात दिसत नाही, म्हणून हा खटाटोप. जागा नसेल तर बॅगेची वरची वेल्क्रो पट्टी आखूड करून बॅग उचला, तरीही नसेल तर बाजूची चौकट, म्हणजे सॅडल स्टे, लागेल. बॅगेला आतून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा उष्णतारोधक चादर लावतात ती जास्तीची काळजी म्हणून ठीक, जागेला पर्याय म्हणून नाही.

मागच्या शॉकअपची सेटिंग

दोन शॉकअपच्या गाड्यांना स्प्रिंगखाली पायऱ्या-पायऱ्यांची कडी असते, बऱ्याचदा पाच पायऱ्या. टूलकिटमधल्या सी आकाराच्या पान्याने ती फिरते. सामान जास्त असेल तर एक-दोन पायऱ्या कडक करा, दोन्ही बाजू अगदी सारख्या पायरीवर. मागची बाजू बसली की पुढचा काटा जास्त तिरका होतो, गाडी सुस्त वळते आणि हेडलाईट वर जातो. सामान उतरवल्यावर परत मऊ करायला विसरू नका नाहीतर रिकामी गाडी उड्या मारेल. एकच शॉकअप आतमध्ये असलेल्या गाडीला हे करायला कधीकधी बॅटरीची बाजू उघडावी लागते, तिथे जोर लावू नका, सर्व्हिस सेंटरवाल्याला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे त्याचं.

पाणी

रत्नागिरीला जून ते सप्टेंबर चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो वरून कमी, समोरून आणि खालून जास्त लागतो. रेनकव्हर वरून इरल्यासारखं झाकतं, पण चाकाने उडवलेलं पाणी खालून आत जातं, आणि एकदा गेलं की त्याच कव्हरमध्ये बादलीसारखं साचतं. तळ ओला होतो तो असा. कव्हरच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक छोटं छिद्र पाडून त्याला रिंग मारून घ्या, साचलेलं निघून जाईल.

बॅगेवर काहीही लिहिलेलं असो, घरी परीक्षा घ्या. आत कोरडे वर्तमानपत्र कोंबा, गाडीवर लावा, आणि नळीने दहा मिनिटं पाणी मारा, खालून पण. वर्तमानपत्र कुठे भिजलं त्यावरून कळतं, बॅगेच्या चेनपाशी (झिपपाशी), शिलाईपाशी की तळाला. शिवलेल्या बॅगेत सुईचं प्रत्येक भोक हे पाण्याचं दार आहे, आतून टेप मारलेली शिलाई असेल तर बरं. सगळ्यात खात्रीची म्हणजे ताडपत्रीच्या कापडाची, उष्णतेने सांधलेली, तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग, पण तोंडाला कमीत कमी तीन वळसे द्या, एका वळशाने काही होत नाही. बॅग साधी असेल तर आत जाड प्लास्टिकची पिशवी टाकून तिचं तोंड पिळून बांधा, पन्नास रुपयांत काम होतं आणि मी आजही तेच करतो.

किनाऱ्यावर अजून एक शत्रू म्हणजे खारं वारं. बॅगेची चेन आणि बकलं मिठाने अडकतात, मग लोक ओढतात आणि चेनचा दात तुटतो. ट्रिपवरून आल्यावर गोड्या पाण्याने बॅग धुवा, सावलीत वाळवा, चेनवर मेणबत्ती घासा.

कॅरियर

इथून पुढे पाना लागतो. कॅरियरचे बोल्ट बहुतेक ८ मिलिमीटरचे, म्हणजे १२ किंवा १३ चा पाना. नवीन कॅरियर लावल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरला ते परत आवळायलाच लागतात कारण रंगाचा थर दबतो. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले) वापरा, किंवा निळं थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) लावा, लाल नको, ते उघडताना त्रास देतं. आवळून झाल्यावर नट आणि पाईपवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा, रेघ मोडली की नट फिरलाय हे चालता चालता दिसतं.

मग जोड बघा. वेल्डिंगच्या अगदी कडेला रंगात केसासारखी रेघ आणि तिथून तांबूस ओघळ असेल तर पाईप तडकलाय. इंजिनच्या कंपनाने तो वेल्डच्या शेजारीच तडकतो. त्यावर नुसता परत टाका मारला तर पुढच्या ट्रिपला बाजूला तडकणार, तिथे त्रिकोणी पट्टी देऊन जोर वाटून द्यावा लागतो. आणि बाजूच्या दोन चौकटी मागून एका आडव्या पाईपने जोडलेल्या आहेत का ते बघा. तो पाईप नसेल तर दोन्ही चौकटी बॅगेच्या वजनाने आत-बाहेर हलतात आणि तेच डुलणं तुम्हाला सीटवर जाणवतं. पाईप १६ गेजपेक्षा पातळ नको. सळईचे कॅरियर दिसायला दणकट, पण स्वतःच जड असतात आणि ते वजन मागेच जातं.

कुठेही वेल्डिंग करायची तर कॅरियर गाडीवरून काढून करा. काढता येत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ (प्रदूषणाचा नवा नियम) आलं आणि बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आणि कॉम्प्युटर आला, वेल्डिंगचा करंट त्यातून गेला तर दोनशे रुपयांच्या टाक्यापायी हजारोंचं नुकसान.

मग नवीन बॅग घ्यायचीच असेल तर

वरचं सगळं करून पण भागलं नाही तर घ्या, पण दुकानात जाताना काट्यावरचा कागद बरोबर न्या. एकट्याचं १२-१५ किलो सामान असेल तर मऊ सॅडल बॅग आणि एक ड्राय बॅग पुरते. मला कोकणासाठी मऊच आवडतात. ॲल्युमिनियमच्या पेट्या चौकटीसकट रिकाम्याच बारा-पंधरा किलो होतात, रुंदी वाढते, आणि आपल्या वाड्यांतल्या पाखाडीत (अरुंद वाटेत), दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती) असताना, ती रुंदी विसरलात की पेटी गडग्याला आणि तुम्ही दुसरीकडे. गाडी लाल चिखलात आडवी झाली तर मऊ बॅगेखाली पाय सापडून होणारी इजा पण कमी. पण कॅमेरा, लॅपटॉप असेल आणि गणपतीपुळ्याला, हरिहरेश्वरला गाडी लावून देवळात जायचं असेल तर कुलपाच्या पेटीला पर्याय नाही हे पण खरं.

डबलसीट असाल तर टेल बॅगेची जागाच गेली, मग सॅडल बॅग आणि टँक बॅग. टँक बॅग घेताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, हॉर्नचं बटण दाबलं जाता कामा नये. चुंबकाची असेल तर टाकी लोखंडाचीच हवी, आणि आपल्याकडची लाल धूळ चुंबकाखाली गेली की टाकीचा रंग घासतो, खाली मऊ फडकं घाला. पाठीवरची सॅक मात्र पाण्याच्या बाटलीपुरतीच, आठ किलो खांद्यावर घेऊन दिवसभर चालवलं की संध्याकाळी मान वळत नाही आणि मागचं बघणं बंद होतं.

पावसात साईड स्टँड मातीत रुततो, त्यासाठी प्लायवूडचा एक हातभर तुकडा बॅगेत कायम ठेवा.

कुठे थांबायचं

कॅरियर ही वेगळी वस्तू आहे, ती मोडली तर माझ्यासारखा माणूस करून देतो. पण तडा जर गाडीच्या मूळ फ्रेममध्ये असेल, सीटखालच्या ज्या पाईपला कॅरियर बसतो त्यात, तर हायवेवरच्या कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ नका, माझ्याकडून पण नाही. तिथे लोखंड वेगळं असतं, गरम केल्याने आसपासची ताकद जाते, आणि ओळ थोडी जरी वाकडी झाली तरी मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही. ते काम सर्व्हिस सेंटरचं नाहीतर फ्रेम सरळ करणाऱ्या जाणत्या माणसाचं. चाक हाताने बाजूला हलवलं आणि खुळखुळलं, स्विंगआर्ममध्ये खेळ लागला, शॉकअपमधून तेल गळत असेल, हँडल मधोमध आल्यावर खाचेत पडल्यासारखं अडकत असेल, तरीसुद्धा सामान घालून पुढे जायचं नाही.

मागच्या मे महिन्यात पुण्याचा एक मुलगा मालवणहून येताना माझ्याकडे थांबला, सीट काढली तर उजव्या बाजूचा पाईप अर्ध्याहून जास्त तडकलेला, मागे टॉप बॉक्स आणि त्यावर आंब्याची पेटी. तो म्हणाला, "दादा, टाका मारून द्या, पुण्यापर्यंत पोहोचलो की बघतो." मी नाही म्हटलं. आम्ही पेटी आणि बॉक्स रिक्षात घालून रत्नागिरी स्टँडला नेले, एसटीच्या पार्सलला टाकले, आणि गाडी टेम्पोत चढवून रत्नागिरीतच सर्व्हिस सेंटरला लावली. तो रात्रीच्या गाडीने घरी गेला, नंतर येऊन बाईक घेऊन गेला. आंबे सगळे चांगले पोहोचले म्हणून त्याच्या आईने फोन केला होता.